फाटलेला एक्सल बूट : घरच्या घरी रबर बदलणे व ग्रीस भरणे



आपल्यापैकी कितीतरी छोटे व्यापारी आणि कारागीर जुन्या छोट्या मोटारीवर धंदा चालवतात. मागची सीट काढून कापडाचे गठ्ठे, बेकरीचा माल, चपलांची खोकी किंवा फर्निचरचे सामान त्यात भरले जाते आणि आठवड्याचे बाजार केले जातात. अशी गाडी दोन दिवस उभी राहिली तर दुरुस्तीच्या खर्चाबरोबर बाजारही बुडतो. गाडीतील एक महागडा भाग बहुधा एका स्वस्त रबरापायी खराब होतो. त्या रबराला गॅरेजच्या भाषेत एक्सल बूट म्हणतात. बूट काही शे रुपयांत मिळतो. तो वेळेवर बदलला नाही तर आतला जॉइंट जातो आणि खर्च काही हजारांवर पोहोचतो. म्हणून या आठवड्याच्या पाठात बूट कसा ओळखावा, कसा बदलावा आणि सांडलेले ग्रीस पुन्हा कसे भरावे, हे आपण पाहू.

बूट कोठे असतो आणि कशासाठी

ज्या गाडीचे पुढचे चाक इंजिनच्या ताकदीने फिरते, त्या चाकाला एकाच वेळी तीन कामे करावी लागतात. त्याला फिरायचे असते, स्टिअरिंगबरोबर वळायचे असते आणि खड्ड्यात वर-खाली व्हायचे असते. सरळ लोखंडी दांडा हे करू शकत नाही. म्हणून गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणाऱ्या प्रत्येक ड्राइव्ह शाफ्टला दोन सांधे असतात. गिअरबॉक्सकडचा तो आतला जॉइंट आणि चाकाकडचा तो बाहेरचा. दोन शाफ्ट मिळून चार सांधे होतात आणि प्रत्येकावर एक, असे चार बूट असतात.

बाहेरच्या जॉइंटमध्ये सहसा सहा पोलादी गोळ्या असतात. त्या एका पिंजऱ्यात बसवलेल्या असून वाकड्या खाचांतून सरकतात. या रचनेचा शोध आल्फ्रेड रझेप्पा या अभियंत्याने १९२६ साली लावला. १९५९ साली इंग्लंडमध्ये मिनी ही छोटी मोटार आली आणि त्यानंतर ही रचना छोट्या गाड्यांत पसरली. आतल्या जॉइंटमध्ये काही गाड्यांत गोळ्या, तर काहींत तीन रोलर असतात, आणि तो थोडा आत-बाहेरही सरकतो. या सर्व भागांना दाट ग्रीस लागते. ते जागेवर राहावे आणि बाहेरची धूळ व पाणी आत जाऊ नये, यासाठी लोहाराच्या भात्यासारख्या घड्या असलेले रबराचे आवरण बसवतात. तोच आपला बूट.

आपल्या गाडीला असे बूट आहेत की नाहीत, हे आधी पाहावे. १९८३ ते २०१४ या काळात निघालेली मारुती ८००, तसेच अल्टो, सँट्रो, इंडिका या गाड्यांचे पुढचे चाक ओढते. त्यांना हे चार बूट असतात. अँबॅसेडर किंवा मुंबईच्या रस्त्यावर ऑक्टोबर २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावलेली प्रीमियर पद्मिनी यांचे मागचे चाक ढकलते. ओम्नी आणि ईको यांचेही तसेच. त्यांना लांब प्रोपेलर शाफ्ट असतो, पुढच्या चाकाशी हे बूट नसतात. तेथे हा पाठ लागू होत नाही.

लक्षणे व त्यांचा अर्थ

पहिले लक्षण डोळ्यांना दिसते. पुढच्या चाकाच्या रिमच्या आतील बाजूस किंवा खालच्या आर्मवर काळे चिकट ग्रीस उडालेले आढळते. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवावे म्हणजे बाहेरच्या बुटाच्या घड्या उघडतात आणि चीर दिसते. मग दुसऱ्या बाजूला वळवून तेच पाहावे. इंजिन बंद असताना बोटाने प्रत्येक घडी चाचपावी.

दुसरे लक्षण कानांना कळते. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू गोल फिरवावी. चाकाकडून कट-कट-कट असा आवाज आला तर बाहेरचा जॉइंट झिजला आहे असे समजावे. सरळ रस्त्यावर वेग घेताना गाडी थरथरत असेल तर आतल्या जॉइंटवर संशय घ्यावा.

यावरून तीन अवस्था ठरतात.

१. रबराला बारीक भेगा आहेत, पण ग्रीस बाहेर आलेले नाही. घाई नाही, तरी पुढच्या महिन्याच्या आत बूट बदलावा.

२. बूट फाटला आहे, ग्रीस उडाले आहे, पण आवाज नाही. ही मोलाची वेळ आहे. याच आठवड्यात काम केले तर जॉइंट बहुधा वाचतो. आजचा पाठ मुख्यतः या अवस्थेसाठी आहे.

३. आवाज सुरू झाला आहे. आता नवा बूट आणि नवे ग्रीस हा इलाज नाही. झिजलेले पोलाद ग्रीसने भरून येत नाही. जॉइंट किंवा संपूर्ण शाफ्ट बदलावा लागतो.

दुसऱ्या अवस्थेतून तिसरीत जायला फार दिवस लागत नाहीत. चाक फिरताना ग्रीस बाहेर फेकले जाते आणि त्याच वाटेने वाळू व पाणी आत शिरते. उरलेल्या ग्रीसमध्ये वाळू मिसळली की ते व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखे काम करू लागते. ज्याने सांध्याचे रक्षण करायचे तेच त्याला घासून काढते.

ठिगळ का टिकत नाही

पंक्चरचे सोल्यूशन आणि ट्यूबचा तुकडा लावून बूट चालवता येईल का, असे पुष्कळ बंधू विचारतात. याचे उत्तर नाही असेच आहे. मारुती ८०० चे चाक एका किलोमीटरला सहाशेहून अधिक फेरे घेते. शाफ्ट कोनात असला की प्रत्येक फेऱ्यात बुटाची प्रत्येक घडी एकदा उघडते आणि एकदा मिटते. त्यात रबर ग्रीसने माखलेले. अशा जागी कोणताही चिकटपदार्थ धरत नाही. शिवाय ठिगळ लागले तरी आत गेलेली वाळू आतच राहते.

बाजारात उभा चिरलेला बूटही मिळतो. तो शाफ्ट न काढता गुंडाळून चिकटवतात किंवा स्क्रूने जोडतात. अडचणीच्या वेळी तो उपयोगी आहे, पण सांध्याची जोडकड अगदी कोरडी व ग्रीसविरहित असावी लागते. ग्रीस भरताना एक थेंब कडेला लागला तरी जोड सुटते. त्याला तात्पुरता उपाय मानावे. प्रवासात बूट फाटला तर जाड प्लॅस्टिक गुंडाळून, वर टेप व सुतळी बांधून गाडी सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत न्यावी. त्यापुढे त्याच्यावर विसंबू नये.

साहित्य

बूट घेताना गाडीचे मॉडेल, वर्ष, डावी की उजवी बाजू आणि आतला की बाहेरचा, हे सर्व दुकानदाराला सांगावे. जुना बूट काढलेला असल्यास नमुना म्हणून न्यावा. चांगल्या संचात बूट, दोन पट्ट्या आणि ग्रीसची पिशवी असते. सर्कलिप व हबचे नट नवे घ्यावे.

ग्रीसच्या बाबतीत काटकसर करू नये. बाहेरच्या जॉइंटला मोलिब्डेनम डायसल्फाइड असलेले काळे ग्रीस लागते. बेअरिंगचे किंवा चेसिसचे साधे ग्रीस येथे चालत नाही. गोळी व खाच यांच्यामध्ये दाब फार मोठा असतो आणि साधे ग्रीस तेथून बाजूला सरते. आतल्या जॉइंटचे ग्रीस कित्येक गाड्यांत वेगळे असते. दोन जातींची ग्रीस एकमेकांत मिसळू नयेत.

हत्यारांमध्ये जॅक, दोन मजबूत घोड्या, लाकडी पाचरी, रिंग पाने, हबच्या नटाचा बॉक्स पाना व लांब दांडा, सर्कलिपची पक्कड, पट्टीची पक्कड, हातोडी, लाकडाचा ठोकळा, टॉमी, छिन्नी आणि शेगडा हवा. रॉकेल, स्वच्छ चिंध्या, पसरट भांडे व थोडा रंग जवळ ठेवावा. टॉर्क पाना घरी नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून एका दिवसासाठी आणावा. गाडीची दुरुस्ती पुस्तिका मिळाल्यास फार उत्तम.

कृती

१. गाडी सपाट व कडक जमिनीवर उभी करावी. हँडब्रेक ओढावा व मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी लावाव्यात. चाक जमिनीवर असतानाच हबच्या नटाचे लॉक छिन्नीने सरळ करावे. जोडीदाराला ब्रेक दाबायला सांगून नट सैल करावे. चाकाचे नटही अर्धा फेरा सैल करावेत.

२. जॅक लावून गाडी उचलावी आणि ताबडतोब घोड्यांवर टेकवावी. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थरावर असलेल्या गाडीखाली कोणीही हात किंवा डोके घालू नये. जीव गेल्यावर पैसे वाचवल्याचा काय उपयोग?

३. चाक व हबचे नट काढावे. खालच्या आर्मच्या बॉल जॉइंटचा बोल्ट काढून नकल मोकळे करावे. ते बाहेर ओढून शाफ्टचे टोक हबमधून सोडवावे. टोक अडकले असेल तर जुने नट टोकाशी समपातळीत चढवून लाकडाच्या ठोकळ्यावरून हलके ठोकावे. उघड्या आट्यांवर हातोडी मारू नये. ब्रेकच्या पाइपला ताण पडू देऊ नये. ए.बी.एस. असलेल्या गाडीत सेन्सरची वायर सांभाळावी.

४. गिअरबॉक्सखाली भांडे ठेवावे, कारण शाफ्ट निघताच गिअर ऑइल गळते. आतल्या जॉइंटची वाटी टॉमीने हलके उचकटून बाहेर काढावी. मधला दांडा धरून ओढू नये, त्याने जॉइंट आतल्या आत सुटतो. ऑइल सीलला ओरखडा पडू देऊ नये.

५. शाफ्ट शेगड्यात लाकडाच्या फळ्यांमध्ये धरावा. खोलण्यापूर्वी वाटी, आतला भाग आणि दांडा यांवर रंगाची खूण करावी, म्हणजे सर्व भाग पूर्वीच्याच दिशेने बसतील. पट्ट्या कापून आतला बूट मागे सारावा. वाटी काढावी, दांड्याच्या टोकाची सर्कलिप काढावी आणि गोळ्यांचा किंवा रोलरचा भाग न खोलता अखंड बाहेर घ्यावा.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मारुतीच्या पुस्तिकेप्रमाणे बाहेरचा जॉइंट दांड्यापासून खोलायचा नसतो. तो खराब असेल तर अखंडच बदलतात. म्हणून बाहेरचा बूटही आतल्या बाजूनेच काढावा व घालावा लागतो. एकदा इतके खोललेच आहे तर दोन्ही बूट नवे घालणे शहाणपणाचे. काही इतर गाड्यांत बाहेरचा जॉइंट ठोकून निघतो, पण आपल्या गाडीची रीत माहीत करून घेतल्याशिवाय हातोडी उचलू नये.

६. जुने ग्रीस चिंधीने पूर्ण पुसावे. मग जॉइंट रॉकेलमध्ये सर्व दिशांना फिरवून धुवावा. घरात पेट्रोल वापरू नये, आगीचा धोका असतो. धुतल्यावर जॉइंट पूर्ण वाळू द्यावा, कारण आत राहिलेले रॉकेल नवे ग्रीस पातळ करते. नव्या बुटाला रॉकेल लावू नये.

७. आता उजेडात तपासणी करावी. एकेक गोळी समोर आणून पाहावी. नुसती चकाकी असेल तर हरकत नाही. नख अडकेल असा खड्डा, निघालेला पोपडा, खाचेच्या कडेला पडलेली पायरी किंवा पिंजऱ्याला तडा दिसला तर तो जॉइंट पुन्हा बसवू नये.

८. बाहेरच्या जॉइंटमध्ये ग्रीस अंगठ्याने खोलवर दाबावे. जॉइंट सर्व बाजूंना हलवावा आणि पुन्हा दाबावे. गोळ्यांच्या मागे ग्रीस पोहोचले पाहिजे. उरलेले बुटात घालावे. त्या जॉइंटसाठी संचात दिलेली पिशवी पूर्ण रिकामी करावी, पण त्याहून जास्त भरू नये. जादा ग्रीसने बूट फुगतो आणि पट्टी सुटते.

९. दांड्याच्या दात्यांवर टेप गुंडाळावी म्हणजे नवा बूट आतून चिरणार नाही. आधी बाहेरचा बूट, मग आतला बूट सरकवावा. दोन्ही कडा त्यांच्या खाचांत नीट बसवाव्यात. मग आतला जॉइंट खुणेप्रमाणे जोडून नवी सर्कलिप लावावी, त्याचे ग्रीस भरावे व वाटी बसवावी. आतल्या बुटाची लांबी पुस्तिकेतील मापाप्रमाणे ठेवावी. बोथट पेचकस लहान कडेखाली क्षणभर घालून कोंडलेली हवा सोडावी. बूट पिळलेला किंवा दबलेला नाही हे पाहून मगच पट्ट्या आवळाव्यात. प्लॅस्टिकची बंधने पट्टीऐवजी वापरू नयेत.

१०. शाफ्ट उलट क्रमाने बसवावा. आतला जॉइंट गिअरबॉक्समध्ये पूर्ण बसल्याचा खटका हाताला जाणवतो. मग वाटी धरून हलके ओढून खात्री करावी. बॉल जॉइंटचा बोल्ट व नवे हब नट लावावे. चाक जमिनीवर आल्यावर हबचे नट टॉर्क पान्याने पुस्तिकेतील मापाप्रमाणे आवळून लॉक करावे. हे नट नीट आवळल्याशिवाय गाडी एक फूटही हलवू नये, चाकाचे बेअरिंग बिघडते. गिअर ऑइलची पातळी भरून घ्यावी. सस्पेन्शनच्या स्ट्रटचे बोल्ट सोडले असतील तर अलाइनमेंट तपासून घ्यावी.

११. प्रथम ब्रेक तपासावा. मग मैदानात दोन्ही बाजूंना हळू गोल फिरवून आवाज ऐकावा. वीस-तीस किलोमीटरनंतर पट्ट्या आणि रिमची आतली बाजू पुन्हा पाहावी. काढलेले ग्रीस व तेल गटारात टाकू नये, डब्यात साठवून भंगारात तेल घेणाऱ्याकडे द्यावे.

पहिल्या वेळी या कामाला पूर्ण दिवस द्यावा. घोड्या किंवा टॉर्क पाना मिळत नसेल तर काम जाणत्या मिस्त्रीकडे सोपवावे आणि शेजारी उभे राहून पाहावे. तेही शिक्षणच आहे.

झाकणाखालचा माल

या कामात व्यवहाराचीही एक बाजू आहे आणि ती आपल्या गॅरेजवाल्या बंधूंपुढे रोज येते. बूट हे झाकण आहे. एकदा पट्टी आवळली की आत काय आहे ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. खड्डे पडलेल्या जॉइंटवर दाट ग्रीस भरून नवा बूट चढवला तर आवाज काही दिवस दबतो. गिऱ्हाईक पैसे देऊन समाधानाने जाते. पुढच्या महिन्यात ते घाटात अडकते तेव्हा मिस्त्रीचे नाव खराब होते आणि त्याच्या कमाईत काय मिसळले होते हेही उघड होते.

सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली हदीस आपल्याला ठाऊक आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला तर बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाने भिजल्याचे सांगितले. तेव्हा लोकांना दिसावे म्हणून ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले, आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. त्या विक्रेत्याने पाऊस पाडला नव्हता. दोष ओलीचा नव्हता, ती खाली झाकण्याचा होता. झिजलेला जॉइंट हाही मिस्त्रीचा दोष नाही. तो बुटाखाली लपवणे हा मात्र दोष आहे.

म्हणून मिस्त्री बंधूंनी काढलेला जॉइंट गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा आणि खड्डा दाखवावा. बूट बदलण्याचा खर्च व जॉइंट बदलण्याचा खर्च आधीच वेगवेगळा सांगावा. गिऱ्हाइकाने पैशाअभावी नुसता बूट घालायला सांगितले तर 'जॉइंट झिजलेला आहे' असे बिलावर लिहून द्यावे. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्यांनी आवाज करणारा शाफ्ट ग्रीसने दाबून गाडी खपवू नये. दोष सांगून किंमत कमी घ्यावी. त्यातील बरकत वेगळीच असते.

गाडीमालकांचीही जबाबदारी आहे. मिस्त्रीने जॉइंट गेल्याचे दाखवले तर "नुसते ग्रीस भरून दे" म्हणून त्याच्या मागे लागू नये. अशा आग्रहानेच कारागिराला झाकपाक करण्याची सवय लागते. गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या मुलांना उस्तादांनी पट्टी आवळण्याआधी गोळ्या तपासायला शिकवावे. हाताचे कौशल्य आणि अमानतदारी ही एकाच धड्यात शिकली जातात.

पावसाळा सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपल्या गाडीचे चारही बूट पाहून घ्यावेत. कोकणातील चिखल आणि घाटातील वळणे फाटक्या बुटाला सवलत देत नाहीत. पुढे प्रत्येक वेळी इंजिन ऑइल बदलताना दोन मिनिटे खाली वाकून घड्या चाचपाव्यात. चीर लवकर सापडली तर काही शे रुपयांत काम होते.

अल्लाह आपल्या हातांच्या कष्टात बरकत देवो आणि आपल्याला हलाल रोजी देवो. आमीन.